पंधरा दिवसांत उभं राहिलेलं रुग्णालय साथ कशी रोखतं?

२०२० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात ‘नाइटिंगेल’ नावाचं रुग्णालय उघडलं. नऊ दिवसांत उभारलेलं, वेळ पडली तर चार हजार रुग्ण मावतील अशा बेताने आखलेलं. करोनाच्या पहिल्या लाटेत तिथे उपचार झाले ५४ जणांवर. त्याच्या दोन महिने आधी चीनमधल्या वुहानमध्ये स्टेडियम आणि प्रदर्शनाचे हॉल रिकामे करून १६ तात्पुरती रुग्णालयं सुरू झाली होती. त्यांत साधारण बारा हजार रुग्ण राहून गेले आणि १० मार्चला शेवटच्या रुग्णालयालाही टाळं लागलं. रोग तोच, प्रशस्त हॉल तसेच, खाटाही तशाच ओळीने मांडलेल्या. मग आकड्यांत एवढी तफावत का?

कारण दोन्ही ठिकाणांचं कामच वेगळं होतं. लंडनचं रुग्णालय अत्यवस्थ रुग्णांसाठी होतं, व्हेंटिलेटर लावलेल्या. वुहानमधली ही रुग्णालयं होती चालत्याफिरत्या, स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या रुग्णांसाठी. लंडनमध्ये नेहमीच्या रुग्णालयांवरचा भार हलका करायचा होता. वुहानमध्ये लागण जिथे होत होती तिथून माणसं बाजूला काढायची होती. आपण दोन्हींना ‘तात्पुरतं रुग्णालय’ म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो. साथ आटोक्यात आणायची म्हटली की महत्त्वाचं ठरतं ते दुसऱ्या प्रकारचं काम, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. बातम्यांत खाटांचा आकडा येतो, मंत्र्यांचा पाहणी दौरा येतो, व्हेंटिलेटर किती ते येतं. या खाटांवर नेमकं कोणाला झोपवायचं, हे क्वचितच येतं.

जानेवारी २०२० मधलं वुहान आठवा. रुग्णालयांत जागा नव्हती, त्यामुळे सौम्य लक्षणांच्या लोकांना घरीच राहायला सांगितलं जात होतं. वरवर पाहता यात काही वावगं नाही. करोना झालेल्या दर पाचांपैकी साधारण चौघांचा आजार सौम्य किंवा मध्यम राहत होता, आणि अशा माणसाला रुग्णालयाची तशी गरज नसते. पण घर म्हणजे दोन-तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक संडास आणि चार-पाच माणसं. जागतिक आरोग्य संघटना आणि चीन यांच्या संयुक्त पथकाने त्या फेब्रुवारीत ग्वांगडोंग आणि सिचुआन प्रांतांतल्या लागणीच्या झुबक्यांचा (एकमेकांपासून लागण झालेल्यांच्या गटांचा) अभ्यास पाहिला, तर त्यांतले ७८ ते ८५ टक्के झुबके कुटुंबांमधले निघाले. म्हणजे रस्त्यावरची गर्दी थांबवल्यावरही घरातल्या घरात रोग फिरतच होता. अत्यवस्थ रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, त्याच्या आसपास मास्क घातलेले डॉक्टर असतात. सौम्य रुग्ण मात्र भाजी चिरतो, नातवाला मांडीवर घेतो, टीव्हीसमोर सगळ्यांबरोबर बसतो.

हिशोब सोपा आहे. एक बाधित माणूस सरासरी दोघांना रोग देतो असं धरू. ते दोघे चौघांना, चौघे आठांना. दहाव्या फेरीला आकडा हजारापलीकडे जातो. आता हाच माणूस रोग पसरवण्याच्या ऐन काळातले बरेचसे दिवस घराबाहेर, आपल्यासारख्याच बाधितांमध्ये राहिला, तर तो दोघांना गाठू शकत नाही. सरासरी एकाच्या खाली उतरली की प्रत्येक फेरीत आकडा लहान होत जातो. औषध नसलं, लस नसली तरीही.

वुहानमध्ये नेमकं हेच केलं गेलं. ५ फेब्रुवारीला पहिली तीन रुग्णालयं सुरू झाली. प्रवेशाची अट अशी की रुग्ण स्वतःच्या पायाने चालणारा हवा, मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास घेणारा हवा, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा ९३ च्या वर हवा, आणि त्याला दुसरा कुठला गंभीर आजार नको. आत दिवसातून अनेकदा ताप आणि ऑक्सिजन तपासला जायचा. आकडा घसरायला लागला की रुग्णवाहिका थेट मोठ्या रुग्णालयाकडे. याच्या जोडीला दहा दिवसांत बांधलेलं हजार खाटांचं हुओशेनशान रुग्णालय होतं, बीजिंगमध्ये २००३ च्या सार्स साथीत आठवड्याभरात उभ्या केलेल्या शियाओतांगशानच्या धर्तीवरचं. जगभर व्हिडिओ फिरले ते या बांधकामाचे. जेसीबी, क्रेन, रात्रीचे दिवे. बिचाऱ्या स्टेडियममधल्या खाटांचे व्हिडिओ फिरले ते बहुतेक तिथल्या बायकांच्या नाचाचे.

तो नाच मात्र उगाच नव्हता. माणसाला बरं वाटत असताना दोन-दोन आठवडे एका हॉलमध्ये ठेवायचं तर त्याला तिथे राहवलं पाहिजे. जेवण, मोबाइल चार्ज करायची सोय, पुस्तकं, सकाळचा व्यायाम, घरच्यांशी व्हिडिओ कॉल या सगळ्याला तिथे उपचाराइतकंच महत्त्व होतं. हेही सांगायला हवं की वुहानमध्ये जायचं की नाही हे रुग्णाच्या मर्जीवर नव्हतं. शिवाय २३ जानेवारीपासून शहर कडेकोट बंद होतं, त्यामुळे साथ ओसरल्याचं सगळं श्रेय या रुग्णालयांच्या पदरात टाकता येत नाही. करोना लक्षणं दिसायच्या आधीही पसरतो, तेव्हा नुसत्या विलगीकरणाने तो पुरता थांबतही नाही.

एका हॉलमध्ये हजार रुग्ण ठेवले तर ते एकमेकांना रोग देणार नाहीत का, असं बरेच जण विचारतात. सगळ्यांना तोच रोग झाल्याचं तपासणीत पक्कं झालं असेल, तर मध्ये भिंती नसल्या तरी चालतं. म्हणून असल्या रुग्णालयाच्या दारावर सर्वांत मोलाचा असतो तो तपासणीचा अहवाल. ज्याचा अहवाल आलेला नाही, जो नुसता ‘संशयित’ आहे, त्याला या हॉलमध्ये पाठवणं म्हणजे साधा सर्दी-खोकला झालेल्या माणसाला हाताने करोना देणं. संशयितांना स्वतंत्र खोल्याच लागतात. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्याकडेही हॉटेलं, वसतिगृहं, शाळांचे वर्ग ताब्यात घेतले गेले ते यासाठी.

धारावीचं उदाहरण इथे लागू पडतं. अडीच चौरस किलोमीटरच्या आत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती. दहाबाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाशिवाय पर्याय नाही. तिथे ‘घरीच विलगीकरणात राहा’ हे वाक्य निरर्थक होतं. १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडल्यावर पालिकेने शाळा, सभागृहं, क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतलं, स्थानिक खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली, आणि महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या वाहनतळावर दोन आठवड्यांत दोनशे खाटांचं रुग्णालय उभं केलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा नावानिशी उल्लेख केला. यातला रुग्णालयाचा वाटा किती आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर आरोग्यसेविकांचा जास्त. खाट कितीही तयार असली तरी त्या खाटेपर्यंत माणूस वेळेत पोचवणारं कोणीतरी लागतंच.

आता मूळ अडचणीकडे येऊ. मांडव चोवीस तासांत पडतो, प्लायवूडच्या भिंती आठवड्यात उभ्या राहतात, द्रव ऑक्सिजनची टाकी आणि पाइपलाइन पंधरा दिवसांत बसते. नर्स मात्र तयार व्हायला वर्षं लागतात. लंडनच्या नाइटिंगेलला खाटा कमी पडल्या नव्हत्या. नेहमीच्या रुग्णालयांनी आपले अतिदक्षता विभाग ताणून वाढवले हे एक, आणि अत्यवस्थ रुग्णाकडे पाहणाऱ्या प्रशिक्षित नर्स जादा नव्हत्या हे दुसरं. त्या तिथे आणायच्या तर मूळ रुग्णालयातून काढूनच आणाव्या लागणार होत्या. पुण्यात सीओईपीच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये ८०० खाटांचं जम्बो केंद्र सुरू झालं, तेव्हाही पहिल्या काही दिवसांत टीका झाली ती मांडवावर नव्हे, आतल्या कारभारावर. रुग्णाची विचारपूस होत नाही, नातेवाइकांना काही कळत नाही, मनुष्यबळ अपुरं आहे. नंतर यंत्रणा बदलली आणि कारभार सुधारला. मुंबईत बीकेसीच्या मैदानावर मे महिन्यात उभ्या राहिलेल्या केंद्राला तर जूनच्या सुरुवातीलाच निसर्ग चक्रीवादळाने गाठलं, आणि तिथले रुग्ण वरळीला हलवावे लागले. ताडपत्रीखालच्या रुग्णालयाला पावसाळ्याचा हिशोबही धरावाच लागतो.

कर्मचारी कमी असताना काय करायचं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर १९७१ सालचं आहे. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी सीमेवरच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावात निर्वासितांचे लोंढे येत होते आणि छावणीत कॉलरा पसरला होता. तिथल्या छोट्याशा रुग्णालयात रुग्ण जमिनीवर, जुलाब-उलटीच्या घाणीत पडलेले. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, सुई लावणारे हात मोजके. डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर (ग्लुकोज), मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून मोठमोठ्या पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, हे पाजत राहा. कॉलऱ्यात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने, तेव्हा गेलेलं परत भरलं की बहुतेक जण वाचतात. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासवरून चार टक्क्यांच्या आत आलं. आई, भाऊ, नवरा हेच तिथले नर्स झाले. जे काम सुईने व्हायचं ते पेल्याने होऊ लागलं, म्हणून ते शक्य झालं.

कॉलऱ्याच्या तात्पुरत्या रुग्णालयातली खाटही पाहण्यासारखी असते. कॅनव्हास किंवा प्लास्टिकचा पलंग, मध्यभागी कमरेखाली गोल भोक, त्याखाली बादली. अशक्त रुग्णाला उठावं लागत नाही. बादलीत किती जमलं ते पाहून नर्सला समजतं की याच्या पोटात तितकं पाणी परत गेलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ती बादली जंतुनाशक टाकून वेगळ्या खड्ड्यात रिती होते, ओढ्यात नाही. कॉलरा हवेतून येत नाही, मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातो. त्यामुळे इथे नातेवाईक खाटेजवळ बसले तरी चालतं, हात धुतले म्हणजे झालं. सगळी राखण करायची ती बादलीची.

थोडक्यात, रोग कोणत्या वाटेने जातो त्यावर रुग्णालयाचा नकाशा ठरतो. इबोलाची वाट करोनाच्या अगदी उलटी. लक्षणं नसलेला माणूस तो पसरवत नाही. रोगी जितका अत्यवस्थ तितका धोका जास्त, आणि मृतदेह सर्वांत धोकादायक. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत, गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत साथ पसरली, तेव्हा उपचार केंद्रांत दुहेरी कुंपणं घातली गेली. कर्मचारी संशयितांच्या कक्षातून बाधितांच्या कक्षाकडे जाणार, उलट कधीच येणार नाही. दारादारावर क्लोरीनचं पाणी. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, त्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ आत थांबणं अवघड. पोशाख चढवण्यापेक्षा उतरवणं जास्त जोखमीचं, म्हणून उतरवताना समोर दुसरा माणूस उभा राहून एकेक पायरी सांगणार. नातेवाइकांनी दोन कुंपणांमधलं अंतर राखून पलीकडूनच बोलायचं.

या साथीने वेळेचा धडा फार कठोरपणे दिला. ऑगस्ट-सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियाची राजधानी मनरोव्हियातलं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेचं केंद्र इतकं भरलं होतं की सकाळी जेमतेम अर्धा तास दार उघडायचं. रात्रीत मेलेल्यांच्या खाटा रिकाम्या झालेल्या असायच्या, तेवढेच नवे रुग्ण आत. बाकीचे दाराबाहेरून परत, घरी, घरच्यांमध्ये. त्यानंतर अमेरिकी सैन्याने लायबेरियात ११ केंद्रं बांधली. ती तयार होईपर्यंत साथ उतरणीला लागली होती, आणि त्या अकरा केंद्रांत मिळून इबोलाचे रुग्ण आले २८. नऊ केंद्रांत तर एकही नाही. साथ दुपटीने वाढत असताना तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे तीन आठवड्यांचं नुकसान नव्हे, त्याच्या कैक पट.

आणि दार उघडं असूनही लोक आलेच नाहीत तर? हा प्रश्न महाराष्ट्राइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. पालिकेने रुग्णांना सक्तीने आर्थर रोड रुग्णालयात हलवायला सुरुवात केली. आज आपण त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो, मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण जिथे गेले तेच. तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी बोलवा पसरली, आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले, तपासणीच्या नावाखाली बायकांची अब्रू निघाली, सामान जाळलं गेलं. लोकांनी काय केलं? रुग्ण लपवले. मेलेल्यांना गुपचूप पुरलं. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचा अर्थ असा, की सक्तीने रुग्णालय भरता येतं, पण त्याच सक्तीने रुग्ण यंत्रणेच्या नजरेआड जातात. दिसणारा एक रुग्ण पकडला तर न दिसणारे दोन तयार होतात.

त्याच काळात दुसराही मार्ग चालू होता. मुंबईत निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं उघडायची मुभा मिळाली, जिथे आचारी आपला, सेवेकरी ओळखीचे. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेग रुग्णालय काढलं. हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांचा दवाखाना होता. तिथे सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. जाती-धर्मानुसार वेगळी रुग्णालयं ही आज आपल्याला पटणारी गोष्ट नाही, पटूही नये. पण लोक तिथे पळवाट न शोधता गेले, ही नोंद महत्त्वाची. इबोलाच्या नंतरच्या साथीत, २०१८ पासून काँगोमध्ये, पारदर्शक भिंतींचे कक्ष वापरले गेले, म्हणजे नातेवाइकांना आपला माणूस जिवंत आहे, त्याला पाणी मिळतंय, हे डोळ्यांनी दिसेल. हेतू तोच.

प्लेगच्या बाबतीत आणखी एक विचित्र गोष्ट घडली. गाठीचा प्लेग प्रामुख्याने उंदरावरच्या पिसवेमुळे होतो, माणसाकडून माणसाला सहसा नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी हे दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे ज्या रुग्णांना उचलून नेण्यासाठी एवढा अत्याचार झाला, त्यांना वेगळं काढून साथीवर फारसा परिणाम होणारच नव्हता. उलट धडधाकट माणसं घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली, त्याचा उपयोग झाला, कारण उंदीर आणि पिसवा मागे घरात राहिल्या. कित्येक गावांत लोक घरात उंदीर मरून पडलेले दिसताच स्वतःहून रानात राहायला जाऊ लागले. सरकारला कारण कळायच्या आधी त्यांना उपाय कळला होता.

राहिला प्रश्न टाळं कधी लावायचं याचा. रिकामी खाट रोज पैसे खाते. भाडं, वीज, सुरक्षारक्षक, ऑक्सिजन सुरूच असतो, आणि तिथे अडकलेली नर्स दुसरीकडे हवी असते. पुण्याचं सीओईपीवरचं जम्बो केंद्र रुग्ण घटल्यावर जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं आणि दुसरी लाट चढू लागल्यावर मार्चमध्ये पुन्हा उघडावं लागलं. मांडव मोडून टाकला नव्हता म्हणून ते जमलं. बंद करताना सांगाडा, ऑक्सिजनची पाइपलाइन, विजेची जोडणी जागेवर ठेवायची आणि माणसं मूळ कामावर परत पाठवायची, त्यांची यादी आणि फोन नंबर मात्र अद्ययावत ठेवायचे. उभारणीच्या निविदेत हे कलम पहिल्याच दिवशी घालून ठेवलं तर पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.